विकास बँकेच्या प्रकल्पाविरुद्ध तक्रार: कागद काढण्याआधी काय हवंय ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वस्तीच्या उरावर एक मोठा प्रकल्प आलाय, त्यात जागतिक बँकेसारख्या एखाद्या विकास बँकेचा पैसा आहे असं कानावर आलंय, कंपनी आणि सरकारी कार्यालयं दाद देत नाहीत. अशा वेळी लोकांना थेट बँकेकडे तक्रार करता येते का, कशी, आणि तिचा उपयोग किती?

करता येते. फी नाही. वकील सक्तीचा नाही. बँकेच्या धोरणातलं कुठलं कलम मोडलं हे सांगता आलं नाही तरी चालतं. स्वतःच्या भाषेत लिहिता येतं. भाषांतर त्यांच्याकडे होतं, त्यात थोडा वेळ जातो इतकंच. बहुतेक मोठ्या विकास बँकांकडे यासाठी एक वेगळी यंत्रणा असते. कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली ती नसते. पण ती कोर्टही नव्हे. ती काम थांबवण्याचा मनाई हुकूम देत नाही, नुकसानभरपाईचा निवाडा करत नाही, कंपनीला दंड करत नाही आणि सरकारला जाब विचारत नाही. तिचा प्रश्न एकच असतो: या प्रकल्पाला पैसे देताना आणि दिल्यानंतर बँकेने स्वतःचे नियम पाळले का, आणि न पाळल्याने लोकांचं नुकसान झालं किंवा होणार आहे का?

हा प्रश्न डोक्यात नीट बसला की निम्मं काम होतं. माझ्याकडे येणारे बहुतेक मसुदे कंपनीच्या, कंत्राटदाराच्या, अधिकाऱ्यांच्या विरोधात असतात आणि बँकेचं नाव शेवटच्या ओळीत उगवतं. राग समजण्यासारखा आहे, पण तो कागद चुकीच्या पत्त्यावर जातो. कंपनीने काय केलं हे सांगायचंच. त्याच्या जोडीला बँकेने काय बघायला हवं होतं आणि काय बघितलं नाही, हेही आलं पाहिजे.

या यंत्रणांचा जन्म एका संघर्षातून झालाय, आणि तो संघर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने 1985 मध्ये 45 कोटी डॉलर मंजूर केले. नर्मदा खोऱ्यातल्या लोकांनी इतका रेटा लावला की 1991 मध्ये बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. जून 1992 मध्ये समितीने सांगितलं की पुनर्वसन आणि पर्यावरण, दोन्हींत बँकेने आपलीच धोरणं पाळलेली नाहीत. मार्च 1993 मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात बँकेच्या संचालक मंडळाने इन्स्पेक्शन पॅनल, म्हणजे लोकांच्या तक्रारीवरून बँकेने आपले नियम पाळले का ते तपासणारी स्वतंत्र यंत्रणा, स्थापन केलं. पॅनलकडे आलेलं पहिलं प्रकरण नेपाळमधल्या अरुण-3 जलविद्युत प्रकल्पाचं. ऑक्टोबर 1994 मध्ये तक्रार गेली आणि ऑगस्ट 1995 मध्ये बँकेने प्रकल्पातून अंग काढून घेतलं.

पण नर्मदेची गोष्ट इथेच थांबवली तर अर्धवट राहते. बँक गेली, धरण थांबलं नाही. पुढचं बांधकाम देशातल्या पैशावर झालं आणि बँकेवर दबाव आणून जे पदरात पाडून घेता आलं असतं ती वाट बंद झाली. म्हणून कोणी मसुदा घेऊन आलं की मी आधी तो बाजूला ठेवायला सांगतो आणि विचारतो, तुम्हाला नक्की काय हवंय? प्रकल्प रद्द व्हायला हवा? मार्ग बदलायला हवा? जमिनीच्या बदल्यात जमीन? बुजलेला ओढा मोकळा? धूळ आणि सुरुंग बंद? उत्पन्न बुडालं त्याची भरपाई? एकाच वस्तीत या प्रश्नाची तीन-चार उत्तरं निघतात. शेतमालकाला दर वाढवून हवा असतो, मजुराला काम, आणि ज्यांची देवराई किंवा स्मशान जाणार त्यांना पैशात काही नकोच असतं. ही भांडणं तक्रार दाखल होण्याआधी आपसात होऊन गेलेली बरी. नंतर ती कंपनी लावून देते.

'प्रकल्प रद्द करा' अशी मागणी करू नका, असं मी म्हणत नाही. ती करायची तर वेळ बघा. संचालक मंडळाने कर्ज मंजूर करण्याआधी तिला सगळ्यात जास्त धार असते. मंजुरीनंतर, पण पैसे पूर्ण दिले जाण्याआधी, बँकेच्या हातात पुढचा हप्ता असतो. तेव्हा मार्ग, मोबदला, पाणी, पुनर्वसन यांवर बरंच काही पदरात पडू शकतं. सगळे पैसे देऊन झाल्यावर बँक ऐकून घेते, पण तिच्याकडे कंपनीला भाग पाडण्यासारखं फारसं उरत नाही. आणि बँक मध्येच निघून गेली तर? युगांडात रस्त्याच्या कामावरच्या मजुरांकडून अल्पवयीन मुलींचं लैंगिक शोषण झाल्याचं उघड झालं, डिसेंबर 2015 मध्ये जागतिक बँकेने निधी रद्द केला. निर्णय कडक होता, पण रस्ता अर्धवट राहिला आणि मुलींसाठी मदतीची वेगळी व्यवस्था नंतर उभी करावी लागली. म्हणून रद्द करण्याची मागणी असेल तरी तिच्याखाली दुसरी ओळ लिहाच: जाताना बँकेने काय निस्तरून जावं.

वेळेचं दुसरं उदाहरण कंबोडियातलं. नॉम पेन्हमधल्या बोएंग काक तळ्याभोवतीच्या वस्त्या जमिनीच्या हक्कनोंदणीतून वगळल्या गेल्या आणि हटवल्या जाऊ लागल्या. नोंदणीचा कार्यक्रम जागतिक बँकेच्या पैशावर चालला होता. 2009 मध्ये इन्स्पेक्शन पॅनलकडे तक्रार गेली. पॅनलने लोकांची बाजू उचलून धरली, बँकेने देशाला नवी कर्जं देणं थांबवलं, आणि ऑगस्ट 2011 मध्ये सरकारने 12.44 हेक्टर जागा तिथल्या रहिवाशांसाठी सोडली. एवढं यश क्वचित मिळतं. पण ही जागा तोवर टिकून राहिलेल्या कुटुंबांसाठी होती. दबावाखाली थोडे पैसे घेऊन आधीच निघून गेलेली हजारो कुटुंबं तिच्याबाहेर राहिली.

आता कामाचं. पहिलं काम पैशाचा माग काढणं. सरकारी प्रकल्प असेल तर सोपं असतं: जागेवरचा फलक, निविदा, पर्यावरण अहवाल यांत बँकेचं नाव येतं आणि जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर पी या अक्षराने सुरू होणारा प्रकल्प क्रमांक सापडतो. तो क्रमांक हाती आला की कर्जाची रक्कम, मंजुरीची तारीख, कर्ज बंद होण्याची तारीख (म्हणजे त्यातून पैसे काढण्याची मुदत संपते ती, फेडीची नव्हे), पर्यावरण आणि पुनर्वसनाचे आराखडे, सगळं उघडतं. खासगी कंपनी असेल तर जागतिक बँक गटातली इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशन, म्हणजे आयएफसी, आशियाई विकास बँक, युरोपीय बँका, किंवा नेदरलँड्सची एफएमओ, जर्मनीची डीईजी, फ्रान्सची प्रोपार्को अशा राष्ट्रीय संस्थांच्या याद्यांत कंपनीचं आणि तिच्या मूळ कंपनीचं नाव शोधा. कंपनीचा वार्षिक अहवाल वाचा; कर्जदारांची नावं तिथे असतात.

खरी डोकेदुखी असते मधल्या दलालांची. बँक थेट प्रकल्पाला पैसे न देता एखाद्या व्यापारी बँकेला किंवा फंडाला देते आणि तो फंड पुढे औष्णिक वीज प्रकल्पात गुंतवतो. फलकावर बँकेचं नाव येतच नाही. ओडिशातल्या कामलंगा औष्णिक प्रकल्पाबाबत 2011 मध्ये जी तक्रार झाली, तिच्यात आयएफसीचा पैसा असा इंडिया इन्फ्रास्ट्रक्चर फंडातून गेलेला होता, आणि तरीही ती स्वीकारली गेली. म्हणजे साखळी लांब आहे म्हणून दार बंद नसतं, पण ती कडीकडीने दाखवावी लागते. हे काम एकट्याने करू नका. अकाउंटेबिलिटी काउन्सेल, इन्क्लुसिव्ह डेव्हलपमेंट इंटरनॅशनल, बँक इन्फर्मेशन सेंटर, दिल्लीचं सेंटर फॉर फायनान्शिअल अकाउंटेबिलिटी अशा संस्था हा माग काढायला मदत करतात. इंटरनॅशनल अकाउंटेबिलिटी प्रोजेक्टची अर्ली वॉर्निंग सिस्टिम मंजुरीआधीच्या प्रकल्पांची माहिती देते. माझ्या मते सगळ्यात कमी वापरलं जाणारं आणि सगळ्यात उपयोगी साधन ते हेच.

बँक कळली की दार ठरतं. जागतिक बँकेने सरकारला दिलेल्या कर्जासाठी इन्स्पेक्शन पॅनल. आयएफसी आणि मिगा (त्याच गटातली, खासगी गुंतवणुकीला हमी देणारी संस्था) यांच्यासाठी 1999 पासून कम्प्लायन्स अॅडव्हायझर ऑम्बुड्समन, सगळे त्याला सीएओ म्हणतात. आशियाई विकास बँकेची अकाउंटेबिलिटी मेकॅनिझम. एआयआयबी, म्हणजे एशियन इन्फ्रास्ट्रक्चर इन्व्हेस्टमेंट बँक, हिची प्रोजेक्ट-अफेक्टेड पीपल्स मेकॅनिझम. युरोपीय गुंतवणूक बँकेची कम्प्लेंट्स मेकॅनिझम, आणि तिच्या उत्तराने समाधान झालं नाही तर पुढे युरोपीय ऑम्बुड्समन, म्हणजे युरोपीय संघाच्या संस्थांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल. युरोपीय पुनर्रचना आणि विकास बँकेची आयपॅम. ग्रीन क्लायमेट फंडाची वेगळी यंत्रणा आहे. 'हरित' प्रकल्पांनीही लोक उठवले जातात, तेव्हा ती विसरू नका.

प्रत्येक दाराचा उंबरठा वेगळा. इन्स्पेक्शन पॅनल, आशियाई विकास बँक आणि एआयआयबी यांना किमान दोन बाधित माणसं लागतात. सीएओकडे एकटी व्यक्तीही जाऊ शकते. युरोपीय गुंतवणूक बँकेकडे तर तक्रारदार स्वतः बाधित असायलाच हवा असंही नाही. मुदतीही वेगळ्या. आशियाई विकास बँकेत कर्ज बंद होण्याच्या तारखेपासून दोन वर्षांपर्यंत तक्रार चालते. इन्स्पेक्शन पॅनलकडे जुन्या प्रकल्पांसाठी कर्ज बंद झालं किंवा 95 टक्के रक्कम वाटली गेली की दार बंद होत असे. सप्टेंबर 2020 पासून मंजूर झालेल्या प्रकल्पांना बंद होण्याच्या तारखेनंतर 15 महिने मिळतात. काही प्रकल्पांत दोन बँकांचा पैसा असतो. तेव्हा दोन्हीकडे जाता येतं का ते तपासा. एआयआयबीची इथे एक गोम आहे: तिने सहकर्जदार बँकेचेच नियम आणि तिचीच तक्रार यंत्रणा लागू करायचं ठरवलं असेल तर ती स्वतःकडे तक्रार घेत नाही. मग सहकर्जदार बँकेचंच दार.

तक्रारीआधी प्रयत्न केल्याचा पुरावा बहुतेक ठिकाणी लागतो. इन्स्पेक्शन पॅनल विचारतं, बँकेच्या व्यवस्थापनाच्या कानावर घातलंत का? आशियाई विकास बँक तेच विचारते. एआयआयबीला प्रकल्पाच्या पातळीवरच्या तक्रार निवारणाकडेही गेल्याचं दाखवावं लागतं. सीएओची अशी अट नाही. लोक इथे चिडतात, आणि बरोबर आहे. सरकारी कार्यालयात शंभर निवेदनं दिलेली असतात. पण ती बँकेला दिलेली नसतात. म्हणून आजच बँकेच्या प्रकल्प प्रमुखाला, ज्याचं नाव बहुधा प्रकल्पाच्या पानावरच असतं, एक साधं पत्र पाठवा: नुकसान काय, केव्हापासून, काय हवंय, उत्तर केव्हापर्यंत अपेक्षित. दीड-दोन महिने थांबा, आठवण करून द्या. उत्तर गुळमुळीत आलं किंवा आलंच नाही, की तुमची अट पूर्ण झाली. तोंडी झालेल्या भेटींचीही तारीख, ठिकाण, कोण होतं आणि काय म्हणालं अशी नोंद ठेवा. पोच न घेता दिलेलं निवेदन दिलंच नाही असं समजून चाला. जिथे बोलल्याने मार बसण्याची भीती आहे तिथे ही अट शिथिल करायला सांगता येतं; तसं कारण तक्रारीतच लिहा.

आता दोन वाटांबद्दल. जवळपास सगळीकडे दोन असतात. एक मध्यस्थामार्फत कंपनी किंवा सरकारबरोबर वाटाघाट. दुसरी बँकेच्या वागण्याची चौकशी. वाटाघाटीला दोन्ही बाजूंची तयारी लागते आणि तिच्यात कोण चुकलं हे कोणी ठरवत नाही; पण पाणी, मोबदला, रस्ता असं हाताला लागणारं काही मिळू शकतं. चौकशीत बँकेचा दोष कागदावर येतो, पण हाताला काही लागेलच याची हमी नसते. कोणती वाट घ्यायची हे पुन्हा त्याच प्रश्नावर ठरतं, काय हवंय. मंगोलियातल्या ओयू तोलगोई खाणीजवळच्या पशुपालकांनी 2012 आणि 2013 मध्ये सीएओकडे तक्रारी केल्या. कुरणं आणि नदीचा वळवलेला प्रवाह हे विषय होते. त्यांनी वाटाघाटीची वाट घेतली आणि 2017 मध्ये कंपनी व स्थानिक प्रशासनाबरोबर करार झाला. पाच वर्षं लागली, पण जनावरं आणि पाणी हा त्यांचा प्रश्न टेबलावर सुटू शकणारा होता. जिथे लोकांचं म्हणणं 'हे इथे होताच कामा नये' असं आहे, तिथे वाटाघाटीत बसणं म्हणजे अर्धं मान्य करणं. अशा ठिकाणी मी चौकशीकडे वळायला सांगतो.

सीएओकडे दोन्हींपैकी एक बाजू जरी वाटाघाटीला तयार नसली तर प्रकरण चौकशीच्या वाटेला जातं; तिथे आधी चौकशीची गरज आहे का ते पडताळलं जातं. जागतिक बँकेत 2020 पासून क्रम उलटा आहे: संचालक मंडळाने चौकशीला मंजुरी दिली की मग वाटाघाटीची संधी देऊ केली जाते, एक वर्षाची, जास्तीत जास्त सहा महिने वाढवून, जमलं नाही तर चौकशी सुरू होते. वाटाघाटीत गोपनीयतेचा करार पुढे येतो. सही करण्याआधी एक गोष्ट पक्की करा: प्रतिनिधींना आपल्या लोकांपुढे काय सांगता येईल. ज्या प्रतिनिधीला गावात तोंड उघडता येत नाही त्याच्यावरचा विश्वास महिन्याभरात उडतो.

तक्रार लिहायची कशी? पानं कमी, तारखा जास्त. चार-पाच पानं पुरतात, बाकी जोडपत्रं. तुमचं ठिकाण कधीही न पाहिलेल्या माणसाला चित्र दिसलं पाहिजे. एखादा परिच्छेद असा असू शकतो:

"आम्ही अमुक वस्तीतील 64 कुटुंबं. आमच्या पिण्याच्या पाण्याच्या दोन विहिरी खाणीच्या हद्दीपासून साधारण 300 मीटरवर आहेत. सुरुंग सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात दोन्ही आटल्या. त्याआधी त्या उन्हाळ्यात आटत नसत. बँकेने प्रसिद्ध केलेल्या पर्यावरण अहवालात आमच्या वस्तीचा आणि या विहिरींचा उल्लेख नाही. आम्ही अमुक तारखेला कंपनीला आणि अमुक तारखेला बँकेला लेखी कळवलं. पत्रं सोबत जोडली आहेत. आम्हाला कायमस्वरूपी पाण्याची सोय हवी आहे आणि ती होईपर्यंत वस्तीच्या बाजूचे सुरुंग बंद हवेत. आमची नावं कंपनीला कळू नयेत अशी विनंती आहे."

यात बघा, 'अन्याय', 'शोषण', 'देशोधडी' असा एकही शब्द नाही, पण पाचव्या वाक्यात बँक पकडीत आलीय: तिच्या अहवालात वस्तीच नाही. हा धागा सापडेपर्यंत बँकेचे कागद वाचायचे. सगळ्यात चांगला पुरावा तुमच्या फोटोंत नसतो, बँकेच्याच कागदांत असतो. अहवालात 'जमीन पडीक' लिहिलेलं असतं आणि तिथे तीन पिकं निघतात. 'सल्लामसलत झाली' लिहिलेलं असतं आणि सभेच्या हजेरीपत्रकावर मेलेल्या माणसाची सही असते. प्रत्येक दाव्यासमोर जमिनीवरची वस्तुस्थिती मांडा. फोटोवर तारीख आणि जागा, हाताने काढलेला का होईना पण नकाशा, विहिरींच्या पातळीची वही, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. एक सावधगिरी: आकडा फुगवू नका. एक फुगवलेला आकडा पकडला गेला की बाकीच्या खऱ्या दहा आकड्यांवर संशय येतो.

डोकी मोजण्यातल्या चुका बँकांकडून फार होतात, आणि तिथेच तक्रारी जिंकल्या जातात. मुंबईतल्या नागरी वाहतूक प्रकल्पाला जागतिक बँकेने 2002 मध्ये कर्ज दिलं. सुमारे 1,20,000 माणसं हलवावी लागणार होती. 2004 मध्ये कुर्ल्याच्या दुकानदारांसह अनेक गटांनी इन्स्पेक्शन पॅनलकडे तक्रारी केल्या. त्यांचा मुद्दा सरळ होता: घराच्या बदल्यात घर मोजलंत, पण आमचा धंदा, त्यावर जगणारे कामगार, रस्त्याकडेची गिऱ्हाइकी हे कुठेच मोजलेलं नाही. पॅनलच्या अहवालानंतर मार्च 2006 मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचे हप्ते रोखले आणि काही महिन्यांनी, सुधारणांची हमी घेऊन, पुन्हा सुरू केले. 'आम्हाला हलवू नका' यापेक्षा 'तुम्ही आमचं उत्पन्न मोजलंच नाही' हे म्हणणं त्या यंत्रणेला कळणारं होतं.

नियमांचा उल्लेख सक्तीचा नाही हे वर म्हटलं, पण माहीत असेल तर करा. आयएफसीची 2012 पासून लागू आठ परफॉर्मन्स स्टँडर्ड्स, म्हणजे तिच्याकडून पैसा घेणाऱ्या कंपन्यांनी पाळायची मानकं, आहेत. पाचवं जमीन आणि विस्थापनाबद्दल, सातवं आदिवासी समूहांबद्दल, ज्यात काही परिस्थितीत त्यांची मुक्त, आधी घेतलेली आणि माहितीवर आधारलेली संमती लागते. जागतिक बँकेची दहा मानकांची चौकट ऑक्टोबर 2018 पासून आहे. सहसा प्रकल्प मंजुरीच्या मार्गावर असताना जे नियम होते तेच त्याला लागू होतात, आजचे नव्हे.

सुरक्षेबद्दल हातचं राखून बोलणार नाही. होंडुरासमध्ये अग्वा झार्का धरणाला विरोध करणाऱ्या बेर्ता कासेरेस यांची मार्च 2016 मध्ये हत्या झाली. त्या धरणात नेदरलँड्सची एफएमओ आणि फिनलंडची फिनफंड या युरोपीय विकास संस्थांचा पैसा होता. त्या 2017 मध्ये बाहेर पडल्या. नाव गुप्त ठेवण्याची मागणी बहुतेक यंत्रणा मान्य करतात, पण यंत्रणा तुम्हाला संरक्षण देऊ शकत नाही. तिच्याकडे पोलीस नाहीत. आणि छोट्या वस्तीत नाव झाकलं तरी माणूस ओळखू येतो. म्हणून तक्रारीआधी बसून ठरवा: धमकी आली तर पहिला फोन कोणाला, कागदांची प्रत गावाबाहेर कोणाकडे, कोणत्या माणसाची नोकरी किंवा जमिनीचा वाद कंपनीच्या हातात आहे. अशा माणसाला पुढे करू नका, तो कितीही तयार असला तरी. यंत्रणेचे लोक भेटीला येतील तेव्हा दुभाषा तुमच्या विश्वासातला हवा असा आग्रह धरा, आणि ते गावात कोणाच्या गाडीतून येणार हेही विचारा. कंपनीच्या गाडीतून उतरणाऱ्या पाहुण्यापुढे कोणी बोलत नाही.

प्रतिनिधी तीन-चार असावेत, त्यांत बायका असाव्यात, आणि त्यांना लेखी अधिकार दिलेला असावा. संस्था तुमच्या वतीने तक्रार करणार असेल तर तिलाही तो लागतो. पाण्याचं, सरपणाचं, दारूच्या अड्ड्यांचं, मुलींच्या सुरक्षेचं नुकसान पुरुषांच्या सभेत निघतच नाही. ते मसुद्यात यायचं तर वेगळी बैठक घ्यावी लागते.

दाखल केल्यावर काय? सीएओ 15 कामकाजाच्या दिवसांत तक्रार पात्र आहे का ते सांगतं, मग साधारण 90 कामकाजाचे दिवस प्राथमिक पाहणीला. इन्स्पेक्शन पॅनल नोंदणीचं 15 कामकाजाच्या दिवसांत ठरवतं, त्यानंतर बँकेच्या व्यवस्थापनाला 21 कामकाजाचे दिवस उत्तराला, आणि तेवढेच पॅनलला पात्रता तपासायला. पुढे चौकशी लागली तर वर्षं मोजायची. या काळात काम सुरूच राहतं, हे लोकांना आधीच सांगून ठेवा. देशातल्या न्यायालयात दाद मागायची असेल तर या यंत्रणेची वाट बघत मुदत घालवू नका.

आणि अहवाल तुमच्या बाजूने आला तरी? गुजरातच्या मुंद्रा इथला 4,000 मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प घ्या. आयएफसीने 2008 मध्ये 45 कोटी डॉलरचं कर्ज दिलं. तिथल्या मच्छीमारांच्या संघटनेने 2011 मध्ये सीएओकडे तक्रार केली. हंगामात किनाऱ्यावर येऊन राहणाऱ्या मच्छीमार कुटुंबांचा आयएफसीने पुरेसा विचारच केला नाही, असं 2013 च्या तपासणीत निघालं. आयएफसीच्या व्यवस्थापनाने बरेचसे निष्कर्ष मान्य केले नाहीत. लोक 2015 मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात गेले, आणि फेब्रुवारी 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आंतरराष्ट्रीय संस्थांना खटल्यापासून संपूर्ण संरक्षण नाही असा निकाल दिला. निकाल ऐतिहासिक खरा, पण त्यापुढे खालच्या न्यायालयांत खटला टिकला नाही. त्या मच्छीमारांना या सगळ्यातून भरपाई मिळाली नाही. मी हे प्रकरण प्रत्येक वस्तीत सांगतो, कारण 'अहवाल आला की जिंकलो' हा समज फार महागात पडतो.

2021 च्या धोरणानंतर सीएओच्या चौकशीत नियमभंग आणि नुकसान निघालं तर आयएफसीला कृती आराखडा करावा लागतो, तक्रारदारांशी बोलावं लागतं आणि तो संचालक मंडळापुढे जातो. इन्स्पेक्शन पॅनलच्या अहवालानंतरही व्यवस्थापन असाच आराखडा मांडतं. खरी खेचाखेची इथे असते, आणि नेमक्या याच वेळी लोक थकलेले असतात. आराखड्यात 'क्षमतावृद्धी', 'सल्लागाराची नेमणूक', 'मार्गदर्शक पुस्तिका' अशा ओळी भरलेल्या येतात. प्रत्येक ओळीसमोर विचारा: कोणत्या घराला, काय, किती तारखेपर्यंत, कोणाच्या पैशाने. संचालक मंडळात ज्या देशांचे प्रतिनिधी बसतात त्यांच्याकडेही बैठकीआधी तुमची बाजू पोचायला हवी. मोठ्या संस्थांची मदत या टप्प्यावर सगळ्यात जास्त लागते. आराखडा मंजूर झाला की देखरेख सुरू होते आणि तिचे अहवाल अधूनमधून निघतात. त्याआधी काही आठवडे तुमची स्वतःची यादी यंत्रणेकडे पाठवत जा: काय झालं, काय झालं नाही, आणि कुठलं काम फक्त कागदावर झालं.